गलबतांची छावणी आणि विजयदुर्गची गोदी

वडूज हें गांव सातारा जिल्ह्याच्या पूर्वभागांत येरळा नदीच्या कांठीं वसलेलें आहे. खटाव तालुक्याचें तें ठाणें. तेथें पाऊस बेताचा. उन्हाळ्यांत येरळेच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते, आणि पावसाळ्यांत जें पाणी वाहतें, तें ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे निघून जातें. अशा गांवच्या माणसाला पश्चिम समुद्रावरील गलबतें, त्यांची डागडुजी आणि त्यांच्या गोद्या यांच्याशीं काय कर्तव्य आहे, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत सहज येईल. परंतु इतिहासाचें उत्तर निराळें आहे. मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल कोंकणांत राहत असे, तरी त्याच्या सरखेलीला मान्यता साताऱ्याच्या गादीची लागे. आणि त्या आरमाराचा मोठा भाग ज्या दिवशीं जळाला, त्या दिवसाचीं निम्मीं कारणें घाटावरच शोधावीं लागतात. गलबत दुरुस्तीला कोठें न्यावें, हा वरवर पाहतां सुताराचा आणि नाखव्याचा प्रश्न. पण त्याच्या उत्तरावर एका राज्याचें समुद्रावरील भवितव्य कसें अवलंबून राहिलें, तें समजून घेण्याजोगें आहे.

लांकडी गलबत पाण्यावर जितकें डौलदार दिसतें, तितकेंच तें आंतून नाजूक असतें. उबदार खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा किडा फळ्यांत शिरतो, आणि बाहेरून धड दिसणारी फळी आंतून चाळणीसारखी होऊन जाते. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. त्यांच्यामुळें वेग मंदावतो, आणि वेग गेला म्हणजे लढाऊ गलबताचें बळच गेलें. फळ्यांच्या सांधींत ठासलेला कापूस कुजतो आणि तेथून पाणी झिरपूं लागतें. दोरखंडें झिजतात, शिडें उन्हानें विरतात. यावर उपाय एकच. वर्षांतून एकदां तरी गलबत कोरड्यावर घेऊन त्याचा तळ उघडा करावयाचा, शेवाळ खरवडून काढावयाचें, आगीची धग देऊन किडा मारावयाचा, कुजकी फळी काढून नवी बसवावयाची, सांधी पुन्हां ठासावयाच्या, आणि वर तेल, राळ व चुना यांचा लेप द्यावयाचा. हें काम कष्टाचें आहे, पण माहितीचें आहे. अवघड आहे ती त्यासाठीं जागा निवडण्याची गोष्ट. कारण कोरड्यावर घेतलेल्या गलबताला पळतां येत नाहीं आणि लढतांहि येत नाहीं.

एकट्या मचव्याच्या धन्याला ही निवड फारशी जड जात नाहीं. कोंकणांतला नाखवा ज्येष्ठाच्या सुमारास समुद्राचा रंग पाहतो, उधाणाची भरती साधून मचवा खाडीच्या आंतल्या अंगाला वाऱ्याच्या आडोशास ओढून घेतो, त्याला दोन्ही बाजूंनीं टेकू देऊन सरळ उभा करतो, आणि माडाच्या झांपांनीं शाकारून ठेवतो. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. तेवढ्या अवकाशांत सुताराकडून लांकडाचें काम करून घ्यावयाचें आणि उंडीच्या तेलाचा हात फिरवावयाचा. जागा निवडतांना तो चारच गोष्टी पाहतो. भरतीचें पाणी कोठवर चढतें, जमीन घट्ट आहे कीं चिखलाची, नैर्ऋत्येचा वारा अडतो कीं नाहीं, आणि जाणता सुतार जवळ आहे कीं नाहीं. पण तेंच गलबत राज्याचें झालें आणि एकाचीं पन्नास झालीं, म्हणजे या चार प्रश्नांत आणखी भर पडते. एवढें लांकूड कोठून यावयाचें? शेंकडों खलाशी एका जागीं उतरले तर तेथल्या रयतेला उपद्रव होईल काय? शत्रु कोठवर येऊं शकेल? आणि दुरुस्त झालेलें गलबत समुद्रावर जाण्याची वाट कोणाच्या हातीं आहे?

हा शेवटचा प्रश्न शिवाजीमहाराजांपुढें आरंभींच उभा राहिला. इ. स. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर त्यांनीं त्या खाडींत लढाऊ गलबतें बांधावयास घेतलीं. जागा अनेक दृष्टींनीं उत्तम होती. सह्याद्रीचें रान जवळ, खाडी वाऱ्यापासून सुरक्षित, आणि बंदर पुरातन. १६५९ मधील पोर्तुगीज पत्रव्यवहारांत या कामाविषयींची काळजी स्पष्ट दिसते. रुई लैतांव व्हियेगस नांवाचा पोर्तुगीज आणि त्याच्याबरोबरचे सुमारें ३४० लोक महाराजांच्या या कामावर होते. परंतु कल्याणाहून समुद्राकडे जाणारी वाट ठाणें आणि वसई यांच्या अंगानें जाई, आणि तीं दोन्ही ठाणीं पोर्तुगिजांचीं. वसईच्या कॅप्टननें त्या कारागिरांचें मन वळविलें, आणि ते काम टाकून निघून गेले. या प्रसंगानें दोन गोष्टी शिकविल्या. कारागीर आपला असला पाहिजे, आणि खाडीचें दारहि आपलें असलें पाहिजे. पुढें १६६४ मध्यें मालवणास सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें, आणि एकामागून एक जलदुर्ग मराठ्यांच्या हातीं बळकट होत गेले, तेव्हां या दुसऱ्या गोष्टीची तजवीज होत होती. जलदुर्ग हा समुद्रावरचा पहारा तर खराच. पण त्याच्या पाठीशीं असलेल्या खाडीचा तो दरवाजाहि होता.

खाडीची निवड करतांना तिची खोली मोजावी, हें खरें. पण अधिक खोली म्हणजे अधिक चांगली जागा, असें मात्र नव्हे. १६७९ मध्यें खांदेरीच्या बेटावर मराठ्यांचा तट उठूं लागला, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांनीं जहाजें पाठवून तें काम बंद पाडण्याचा प्रयत्न केला. मराठ्यांचीं लहान गलबतें संधि साधून बेटावर माणसें आणि सामान पोंचवीत, आणि पाठलाग झाला म्हणजे नागोठण्याच्या खाडींत शिरत. इंग्रजांच्या जड जहाजांना तेथें त्यांच्या मागें जातां येईना. त्यांना बाहेरच नाकेबंदी करून थांबावें लागे. जी खाडी मोठ्या जहाजाला उथळ, तीच लहान गलबताला किल्ल्याइतकी उपयोगी पडते. मराठ्यांनीं आपल्या गलबतांचीं तळें उथळ ठेवलीं, यांत कारागिरीचा दोष पाहणारे ही गोष्ट विसरतात.

असा दोन पिढ्यांचा अनुभव रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत कागदावर उतरलेला आहे. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींसाठीं इ. स. १७१५-१६ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या राजनीतीच्या ग्रंथांत आरमारावर एक वेगळें प्रकरण आहे. अमात्यांची जहागीर बावड्यास, सह्याद्रीच्या माथ्यावर. म्हणजे हा लेखक घाटावरचा. पण त्याची नजर घाटाखालीं पोंचलेली होती. पावसाळ्यांत आरमाराची छावणी कोठें व कशी करावी, याविषयीं त्याचे नियम इतके तपशिलाचे आहेत, कीं ते कोणा अनुभवी दर्यावर्दीकडून समजून घेतले असावेत असें वाटतें.

समुद्र खवळण्याची वाट न पाहतां, त्यापूर्वीं कांहीं दिवस आधींच आरमार छावणीस न्यावें, असें अमात्य सांगतात. छावणी उघड्या समुद्रावरील किल्ल्याखालीं करूं नये. आंत वळलेली, निवाऱ्याची खाडी पाहावी. दर वर्षीं एकच बंदर धरूं नये, निरनिराळें निवडावें. रात्रंदिवस पाण्यावरून आणि जमिनीवरून पहारा ठेवावा. खलाशांना लागणाऱ्या वस्तूंची बेगमी सरकारांतून आधींच व्हावी, म्हणजे ते आसपासच्या गांवांना उपद्रव देणार नाहींत. बंदर बदलण्याच्या नियमाचा फायदा उघड आहे. एकाच मुलखावर दर वर्षीं ओझें पडत नाहीं, आणि यंदां आरमार कोठें निजलें आहे, तें शत्रूला सहजासहजीं कळत नाहीं.

या प्रकरणांतील सर्वांत थोर भाग लांकडाविषयींचा आहे. आरमाराला साग वगैरे लांकूड लागतें. तें रानांतून परवानगीनें तोडावें, आणि अधिक लागल्यास परमुलखांतून विकत आणावें. आंबा आणि फणस यांचें लांकूडहि उपयोगाचें. पण त्या झाडांना हात लावूं नये. कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या मुलांप्रमाणें वाढविलेलीं असतात. तीं तुटलीं तर तिच्या दुःखाला पार राहत नाहीं, आणि रयतेला दुःख देऊन केलेलें काम धन्याला लाभत नाहीं. एखादें झाड अगदीं जीर्ण झालेलें असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें; बळजबरी करूं नये. गलबताची दुरुस्ती कोठें करावी याचा विचार करतांना तेथल्या शेतकऱ्याच्या परसांतल्या फणसाचाहि विचार करणारा हा राजपुरुष कोणत्याहि काळीं आदरास पात्र ठरेल. त्याच्या सांगण्यांत दयेबरोबर हिशेबहि होता. ज्या गांवच्या झाडांवर दांडगाईनें कुऱ्हाड चालली, तें गांव शत्रु आल्यावर आरमाराला दडवून ठेवील काय?

अमात्यांनीं सांगितलेल्या कसोट्यांपैकीं बहुतेक ज्या जागेला लागू पडतात, ती जागा म्हणजे विजयदुर्गची वाघोटण खाडी. खाडीच्या मुखाशीं दक्षिणेकडील भूशिरावर विजयदुर्ग उभा आहे. याचें जुनें नांव घेरिया. शिलाहारांच्या काळापासून हें ठाणें नांदतें होतें, असें मानतात. खाडी आंत लांबवर गेलेली आहे. लहान गलबतें पूर्वीं खारेपाटणपर्यंत जात, आणि तेथून सह्याद्रीचे घाट जवळ पडतात. किल्ल्यापासून खाडीच्या आंत सुमारें दोन मैलांवर, दक्षिण कांठीं, गिर्ये-रामेश्वराच्या बाजूस, आंग्र्यांची गोदी म्हणून प्रसिद्ध असलेली जागा आहे. ही गोदी बहुतांशीं खडक फोडून काढलेली आहे. लांबी सुमारें साडेतीनशें फूट, रुंदी सव्वादोनशें फुटांच्या आसपास. तोंड त्या मानानें अरुंद. उघड्या समुद्रावरून ती दिसत नाहीं, आणि किल्ल्याच्या तोफांखालून गेल्याशिवाय समुद्राकडून तिच्यापर्यंत पोंचतां येत नाहीं.

अशा गोदीचें काम चालतें तें चंद्राच्या हिशेबानें. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटीहि तितकीच खोल जाते. त्या उंच भरतीवर गलबत तरंगत आंत घ्यावयाचें, टेकू देऊन सावरावयाचें, आणि ओहोटीनें पाणी बाहेर गेलें कीं तोंड अडवून तळाला हात घालावयाचा. काम उरकलें म्हणजे पुढच्या उधाणाला तें बाहेर. एक भरती चुकली तर सामान्यतः पंधरवडा गेला. येथें खडकाचा मोठा उपयोग होतो. चिखलांत गलबताचा भार एका अंगावर पडून तें मुरडण्याची भीति असते. खडकाच्या तळावर तें समतोल राहतें, आणि सुताराला त्याच्या खालीं शिरून निर्धास्तपणें काम करतां येतें.

याच काळांत उत्तरेस मुंबईलाहि गोदीचें काम चाललें होतें. तेथें निसर्गाचा एक विशेष फायदा होता. मुंबईस मोठ्या उधाणाला भरती-ओहोटींत चौदा-पंधरा फुटांचें अंतर पडतें, आणि विजयदुर्गाकडे तें बरेंच कमी असतें. म्हणून मोठीं, खोल तळाचीं जहाजें कोरडीं करणें मुंबईस अधिक सोपें. १७३६ मध्यें कंपनीनें सुरतेहून लवजी नसरवानजी या कुशल पारशी सुताराला कांहीं कारागिरांसह मुंबईस आणलें. १७५० मध्यें तेथली पहिली कोरडी गोदी तयार झाली, आणि पुढच्या पंधरा वर्षांत आणखी दोन झाल्या. मलबारचा साग, सुरतेची कारागिरी आणि मुंबईची भरती यांचा हा संगम होता. लवजींच्या घराण्याच्या हाताखालीं तयार झालेलें ‘ट्रिंकोमाली’ हें १८१७ चें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर जतन करून ठेवलेलें आहे. विजयदुर्ग आणि मुंबई या दोन गोद्यांचा सामना मात्र सुतारांनीं ठरविला नाहीं. तो राजकारणानें ठरविला.

१७१३-१४ मध्यें बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनीं कान्होजी आंग्र्यांना शाहू छत्रपतींच्या पक्षांत आणलें. सातारची गादी आणि कोंकणचें आरमार यांची ती सांगड होती. त्यानंतर १७१७ आणि १७२० मध्यें इंग्रजांनीं, आणि १७२४ मध्यें डचांनीं, विजयदुर्गावर हल्ले केले, तिन्ही फसले. १७२९ मध्यें कान्होजी वारले. पुढें मुलांत फूट पडून कुलाब्यास मानाजी आणि विजयदुर्गास तुळाजी असे दोन सवते सुभे झाले. तुळाजी शूर, पण कोणाचें न ऐकणारा. सावंतवाडीकर आणि बावडेकर अमात्य यांच्या मुलखांत त्यानें उपद्रव मांडला, आणि पेशव्यांची सत्ता तो मानीना. ज्या अमात्यांच्या घराण्यांत आरमाराच्या छावणीचे नियम लिहिले गेले, त्यांच्याच वारसांना आरमाराच्या धन्याकडून त्रास व्हावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

शेवटीं १७५५ मध्यें पेशव्यांनीं मुंबईच्या इंग्रजांशीं तुळाजीविरुद्ध करार केला. त्याच वर्षीं सुवर्णदुर्ग गेला. नोव्हेंबरांत ॲडमिरल वॉटसनचीं जहाजें मुंबईस आलीं आणि तेथें त्यांची डागडुजी झाली. फेब्रुवारी १७५६ मध्यें तीं विजयदुर्गासमोर येऊन उभीं राहिलीं. क्लाइव्ह बरोबर होता. जमिनीच्या बाजूनें पेशव्यांची फौज आधींच येऊन बसली होती. तुळाजी किल्ला सोडून त्यांच्या छावणींत बोलणें करावयास गेला, तो तेथेंच अडकला. १२ फेब्रुवारीस इंग्रज जहाजें खाडीच्या मुखांत शिरलीं. तुळाजीचीं गलबतें आणि गुराबा किल्ल्याच्या आश्रयानें एकमेकांजवळ दाटीनें नांगरून ठेवलेलीं होतीं. त्यांत इंग्रजांकडूनच १७४९ मध्यें जिंकलेलें ‘रिस्टोरेशन’ नांवाचें जहाज होतें. त्यावर एक पेटता गोळा पडला, आग लागली, आणि एकापासून दुसरें, दुसऱ्यापासून तिसरें, असें सारें आरमार पेटलें. बांधणीस घेतलेलीं जहाजेंहि वांचलीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. सुमारें दहा लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली. करारांतील दुसऱ्या पक्षाच्या हातीं तिच्यांतलें कांहीं आलें नाहीं. किल्ला मात्र त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, बाणकोट घेऊन, इंग्रजांनीं पेशव्यांना दिला. तुळाजीचें उरलेलें आयुष्य कैदेंत गेलें.

या प्रसंगावरून विजयदुर्गची जागाच चुकीची होती, असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. पण तो न्यायाचा नाहीं. तीच खाडी, तोच खडक आणि तोच किल्ला असतांना पूर्वींचे तीन हल्ले परत फिरले होते. चूक झाली ती दोन ठिकाणीं. सारें आरमार एका जागीं, एकमेकांना खेटून ठेवणें, ही पहिली चूक. अमात्यांचे नियम छावणीचे होते आणि हा प्रसंग ऐन हंगामांतला, हें खरें. पण पहारा ठेवावा आणि एकाच जागेवर विसंबूं नये, हें त्या नियमांतलें मर्म बारमाही होतें. दुसरी चूक अधिक खोल आहे. अशा गोदीला दोन दारें असतात. एक समुद्राकडचें, त्यांतून गलबतें येतात-जातात. दुसरें घाटाकडचें, त्यांतून लांकूड, लोखंड, धान्य, पैसा आणि वेळप्रसंगीं फौज येते. कल्याणास समुद्राकडचें दार परक्याच्या हातीं होतें, म्हणून काम विसकटलें. विजयदुर्गास समुद्राकडचें दार भक्कम होतें, पण घाटाकडचें दार आपल्याच माणसांनीं आपल्याच माणसांवर लावून घेतलें. त्यांत तुळाजीच्या उद्दामपणाचा वांटा होता आणि पुणें दरबारच्या घाईचाहि होता. बंडखोर सरदाराला वठणीवर आणावयाचें, तर त्याला धरावें. आरमार आणि गोदी हीं राज्याचीं हत्यारें आहेत, तीं परक्याच्या हातून जाळवूं नयेत, एवढा विवेक त्या वेळीं राहिला नाहीं.

पेशव्यांना ही हानि पुढें जाणवली. त्यांनीं विजयदुर्ग हेंच आपल्या आरमाराचें मुख्य ठाणें केलें, आणि आनंदराव धुळपांच्या हाताखालीं तें पुन्हां उभें राहिलें. ८ एप्रिल १७८३ रोजीं धुळपांच्या गलबतांनीं इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज मोठ्या झुंजीनंतर पकडलें, यावरून त्या खाडीच्या सुतारांच्या आणि खलाशांच्या अंगीं काय पाणी होतें, तें दिसून आलें. पण तोंवर मुंबईच्या गोद्या मोठ्या झाल्या होत्या, आणि समुद्रावरचें पारडें फिरलें होतें. १८१८ मध्यें पेशवाईबरोबर विजयदुर्गहि गेला.

आंग्र्यांची गोदी पुढें गाळानें भरून गेली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं विजयदुर्गाच्या परिसरांत पाहणी केली, तेव्हां त्यांना जुने दगडी नांगर आढळले. जेथें एके काळीं सुतारांचे घाव आणि राळेचा वास भरून राहिलेला असे, तेथें भरती येते आणि जाते, एवढेंच. खडकांत कोरलेल्या कडा मात्र जागा निवडणाऱ्याची नजर किती तयार होती, याची साक्ष देत उभ्या आहेत.

येरळेच्या कांठावरील माणसाला या कथेंत काय कर्तव्य, या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. गोदी कोंकणांत होती, पण तिचें एक दार घाटावर उघडत होतें. तें उघडें ठेवण्याचें काम कोंकणांतल्या नाखव्याचें नव्हतें. तें सातारा, पुणें, बावडा येथल्या लोकांचें होतें. त्यांनीं तें उघडें ठेवलें, तोंवर तीन हल्ले परतले. त्यांनीं तें लावून घेतलें, त्या दिवशीं आरमार जळालें.